दुसरी उसळी

बेटा,

उतरताना विमान पट्टीवर आपटून उसळलं, ते सांगताना फोनवर तू तीनदा म्हणालास, "सर, पहिली उसळी छोटीच होती." असेलही, बहुतेकदा छोटीच असते. पुढचं चाक मोडतं ते दुसऱ्या-तिसऱ्या उसळीला, आणि ती आपल्याच हातची असते.

सोनेगावच्या (नागपूर विमानतळाच्या) 45 मीटर रुंद धावपट्टीवर तुझी नजर बसली होती. तू उतरलास ती पट्टी अरुंद. अरुंद पट्टी दिसली की आपण आहोत त्याहून उंच वाटतो, मग फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलणं, उशिरा होतो. तू आपटलास ते असं. इथवर चूक डोळ्यांची, ती कुणाचीही होते.

पुढची हाताची. नाक वर आलेलं पाहून तू योक (नाक वर-खाली करायचा दांडा) पुढे ढकललास. वेग तर मेलेलाच होता, विमान आपणहून खाली येत होतं. पुढचं चाक आधी आदळलं, नाक पुन्हा वर, तुझा हात पुन्हा पुढे. डोळ्याला दिसून हात हलेपर्यंत विमान पुढच्या अवस्थेत गेलेलं असतं, म्हणून अशी प्रत्येक दुरुस्ती उलटी पडते. आपल्या शिकाऊ सेसना 152चं ते चाक फायरवॉलला, म्हणजे इंजिनामागच्या भिंतीला, जोडलेलं असतं. ते मोडलं की पाठोपाठ प्रॉपेलर जमिनीला लागतो आणि इंजिन उघडावं लागतं.

उसळी इवलीशी असेल तर नाक आहे तिथंच धर, थोडी पॉवर दे, विमान पुन्हा टेकेल. जरा जरी शंका आली तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. थ्रॉटल पूर्ण, कार्ब हीट (कार्बोरेटरला जाणारी गरम हवा) बंद, आणि रडरच्या पेडलवर उजवा पाय! तो विसरलास तर विमान डावीकडे गवतात जातं. फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) 30 अंशांवरून आधी 20, एकदम सगळे नाहीत. ट्रिम (योकवरचा जोर हलका करणारी जुळणी) उतरण्यासाठी लावलेली असते, त्यामुळे नाक वर पळेल. तेव्हा मात्र योक पुढे दाबून धरायचा. (हो, इथे पुढेच. गंमत आहे खरी.)

मे महिन्यातल्या दुपारी हे जड जातं. सोनेगाव समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर. पारा 45 ला गेला की विमानाला हवा जवळपास 5000 फुटांवरची लागते. चढ रडतखडत होतो. म्हणून गो-अराउंडचा निर्णय लवकर घ्यायचा. अशा हवेत वेगाचा काटा 60 नॉट दाखवत असला तरी जमीन जास्त जोरात पळताना दिसते. तेव्हा काट्याचं ऐक. जमिनीकडे पाहून वेग कमी करायला गेलास तर स्टॉल, म्हणजे पंखांची उचल जाऊन विमान खाली.

चौकशी होईपर्यंत उडता येणार नाही. घरी खुर्चीवर बस. डावा हात स्थिर, उजवा हात पुढे, उजवा पाय पुढे. रोज वीसदा. आई हसेल, हसू दे.

आणि जबाबात "वाऱ्याचा झोत आला" असं लिहू नकोस. त्या सकाळी विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) नुसता लोंबत होता, हे तूच मला सांगितलंस.

तुझा
सर