अंतराळ आधीच एवढं थंड असताना छोट्या सॅटेलाइटवरच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याला वेगळा कूलर कशाला लागतो?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या टीमला ६ यू क्यूबसॅटवर (साधारण १० बाय २० बाय ३० सेंटीमीटरचा डबा) इन्फ्रारेड कॅमेरा बसवायचाय आणि बाहेर उणे २७० डिग्री आहे तर एक रेडिएटर लावून भागणार नाही का. मलाही सुरुवातीला अगदी हेच वाटायचं. अशा कॅमेऱ्याचा डिटेक्टर, म्हणजे उष्णतेचा प्रकाश टिपणारी चिप, स्वतःच्याच उष्णतेने आंधळा होऊ नये म्हणून साधारण ८० केल्विनपर्यंत (उणे १९३ डिग्री) थंड ठेवावा लागतो. पण व्हॅक्यूममध्ये हवा नाही, म्हणजे उष्णता फक्त रेडिएशनने बाहेर जाणार, आणि ते तापमानाच्या चौथ्या घाताने कमी होतं, तिथेच सगळी गोची आहे. ३०० केल्विनचा (२७ डिग्रीचा) एक चौरस मीटर पत्रा साधारण ४६० वॅट फेकतो, तोच ८० केल्विनला नेला की जेमतेम २.३ वॅट. तुमच्या सॅटेलाइटची मोठी बाजू २० बाय ३० सेंटीमीटर, म्हणजे हिशोब ०.१४ वॅटवर येतो, तोही त्या पत्र्याला सूर्य आणि पृथ्वी अजिबात दिसत नसतील तर. पृथ्वी स्वतः चौरस मीटरला २४० वॅटच्या आसपास उष्णता सोडते, ती त्या पत्र्याला कोपऱ्यातून एक टक्का जरी दिसली तरी कमाई संपली. इन्सॅट-३डी या हवामानाच्या सॅटेलाइटवर पॅसिव्ह कूलरच, म्हणजे नुसता रेडिएटर आहे, पण तो केवढा मोठा आणि ३६ हजार किलोमीटरवर, तिथून पृथ्वी लहान दिसते.

म्हणून क्रायोकूलर, म्हणजे विजेवर चालणारं अतिथंड करणारं यंत्र. बहुतेक वेळा छोटा स्टर्लिंग, आत हेलियम गॅस, पिस्टन गॅस दाबतो आणि फुगू देतो, फ्रिजचाच लांबचा भाऊ म्हणा. आता अर्धा वॅट उष्णता ८० केल्विनवरून उचलायला त्याला दहाएक वॅट वीज सहज लागते, चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला! आणि ते दहा वॅट कुठे जात नाहीत, कूलरच्या अंगातच उष्णता होऊन बसतात. म्हणजे रेडिएटर लागतोच, फक्त आता तो गरम बाजूला लागतो, तिथे तो नीट काम करतो. माझ्या मते खरी डोकेदुखी कूलर नाही, त्याच्या पाठीमागची ही उष्णता बाहेर काढणं आहे.

आम्ही याच्यातच आपटलो होतो. टेबलावर सगळं मस्त चाललं, व्हॅक्यूम चेंबरमध्ये टाकल्यावर कूलरची बॉडी तापत गेली आणि कंट्रोलरने बंद केलं. कारण काय तर कूलर आणि प्लेटच्या मध्ये आम्ही काहीच भरलं नव्हतं, हवेत ती फट हवाच सांभाळून घेत होती, व्हॅक्यूममध्ये दोन धातू मोजक्या ठिपक्यांवरच टेकतात. इंडियम या मऊ धातूचा पातळ पत्रा घातला आणि सुटलो.

अमेरिकेतली युटा स्टेट युनिव्हर्सिटी आणि नासाची प्रयोगशाळा जेपीएल यांनी यावर मिळून काम केलंय, ६ यू च्या मापात छोट्या पंपाने द्रव फिरवून आतली उष्णता बाहेर उघडणाऱ्या रेडिएटरपर्यंत न्यायची, पाइप न जोडता द्रवाच्या वाटा ॲल्युमिनियमच्या पॅनेलमध्येच. हवाई युनिव्हर्सिटीचा हायटी हा इन्फ्रारेड कॅमेऱ्याचा सॅटेलाइट पण ६ यू च, २०२४ च्या मार्चमध्ये स्पेस स्टेशनकडे गेला, त्याचा डिटेक्टर क्रायोकूलरने ६८ केल्विनला ठेवायची योजना होती. म्हणजे एवढ्या डब्यात हे बसवता येतं.

बाकी पिस्टनच्या थरथरीने फोटो हलतो, त्यामुळे समोरासमोर दोन पिस्टनवाला कंप्रेसर बघा. डिटेक्टरच्या वायरी तांब्याच्या जाड घेऊ नका, त्यातून उष्णता आत येते. आणि सॅटेलाइटच्या आतल्या गोंदातून, प्लास्टिकमधून निघणारी वाफ सगळ्यात थंड जागेवर म्हणजे डिटेक्टरवरच बर्फ होऊन बसते, म्हणून सीलबंद ड्युअरमध्ये (थर्मासारखं व्हॅक्यूमचं भांडं) डिटेक्टर आणि कूलर एकत्र येतात तेच घ्या.

पण आधी हे सांगा, तुम्हाला बघायचंय काय? शेताचं किंवा शहराचं ढोबळ तापमान हवं असेल तर बिनकूलरचा मायक्रोबोलोमीटर (उष्णतेने तापून ती मोजणारा साधा डिटेक्टर) चालेल, तो जरा सुस्त असतो, दहाएक मिलिसेकंद घेतो आणि तेवढ्यात सॅटेलाइट जमिनीवर ७० मीटर पुढे गेलेलं असतं. एक पिक्सेल १०० मीटरच्या वर असेल तर मी कूलरच्या वाटेला जाणारच नाही.