'लो प्रोफाइल' म्हणजे नक्की काय? कुणाला तसं म्हटलं तर तो अपमान होतो का?

नाही, अपमान अजिबात नाही, आणि हैसियतीशी तर त्या शब्दाचा काही संबंधच नाही. जो माणूस स्वतःच्या मर्जीने लोकांच्या डोळ्यात येत नाही, काम करतो पण मिरवत नाही, तो लो प्रोफाइल. मर्जी हा भाग महत्त्वाचा. आपल्याकडे लोक 'लो' ऐकतात आणि हलकं घर, बेताची परिस्थिती असा अर्थ धरतात, तिथेच माझं डोकं फिरतं.

ताईचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. बैठक बडोद्याला, आमच्या दांडिया बाजारातल्या घरी. लीलो चिवडा (आमच्याकडचा ओलसर चिवडा) झाला, चहा झाला, देण्याघेण्याचा विषय दोन्हीकडून नको म्हणून झाला, सगळं छान चाललेलं आणि मुलाचे मामा रुमालाला हात पुसत मुलाच्या वडिलांना म्हणाले, "फॅमिली तशी लो प्रोफाइल आहे, पण माणसं चांगली आहेत." आमच्या देखत. आई कप गोळा करायला लागली, बाबा काही बोलले नाहीत आणि मला ताईने डोळ्यांनीच गप्प केलं. त्या वाक्यातला 'पण' मला अजून सलतो.

बाबा सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते, म्हणजे बांधकामाची ड्रॉइंग काढायचे. तेव्हा सगळं हाताने चालायचं, ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने रेघ मारायची, चुकली तर ब्लेडच्या टोकाने शाई अलगद खरवडायची, कागदाला भोक पडलं तर दिवसभराचं काम पाण्यात. शीटच्या खाली उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक, म्हणजे नाव-सह्यांची चौकट, असतो, त्यात 'ड्रॉन बाय'च्या एवढ्याशा चौकोनात बाबांची दोन अक्षरं आणि शेजारी साहेबांच्या लांबलचक सह्या. त्यांनी ड्रॉइंग केलेल्या पाण्याच्या टाकीखालून आम्ही स्कूटरवरून कितीदा गेलो असू, त्यांनी एकदाही बोट दाखवलं नाही, ती त्यांच्या हातची हे आम्हाला त्यांच्या रिटायरमेंटच्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. याला म्हणतात लो प्रोफाइल. मामांचं स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड बैठकीत सगळ्यांच्या हातात फिरलं होतं.

आणि बडोद्यात राहून हा शब्द कळत नसेल तर कमाल आहे. क्रिकेटर विजय हजारे आपल्याच गावात राहिले ना? १९४७ च्या रणजी फायनलला इथेच होळकरांच्या टीमविरुद्ध गुल महंमदबरोबर ५७७ रनांची पार्टनरशिप, त्यात त्यांचे २८८. पुढच्याच वर्षी अ‍ॅडलेडला ब्रॅडमनच्या टीमसमोर एकाच टेस्टमध्ये ११६ आणि १४५. १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिली टेस्ट जिंकली तेव्हा कॅप्टन तेच. एवढं करूनही माणूस अबोल आणि संकोची म्हणूनच ओळखला गेला. त्यांना बेताचे म्हणाल का?

वापराचं म्हणाल तर माणसासाठी लो प्रोफाइल, समारंभासाठी लो-की. साखरपुडा घरच्या घरी केला तर तो लो-की झाला. इनकॉन्स्पिक्युअस हे नुसतं नजरेत न भरणारं, त्यात मर्जी असेलच असं नाही, कोपऱ्यातलं कपाटही तसं असू शकतं. डिस्क्रीट वेगळं, तो दुसऱ्याची गोष्ट पोटात ठेवतो. मराठीत 'प्रसिद्धीपराङ्मुख' आहेच, फक्त तो हल्ली श्रद्धांजलीतच वाचायला मिळतो. घराण्याबद्दल, स्थळाबद्दल हा शब्द वापरूच नका, परिस्थिती साधारण म्हणायची असेल तर साधारण म्हणा, समोरच्याला निदान कळतं तरी काय ऐकवलं ते.

हां, एक राहिलंच. पेपरात एखाद्या पुढाऱ्याबद्दल 'सध्या लो प्रोफाइल ठेवून आहेत' असं आलं तर ते कौतुक नसतं, काहीतरी प्रकरण अंगाशी आलंय आणि निवळेपर्यंत साहेब दिसणार नाहीत एवढाच अर्थ. आणि टायरवाल्याकडे लो प्रोफाइल म्हणजे कमी उंचीच्या साइडवॉलचा, म्हणजे बाजूच्या रबरी भिंतीचा टायर, त्याचा या सगळ्याशी संबंध नाही.