भूक नव्हती, गोळी मात्र घेतली होती

"मॅडम, व्यायाम सुरू केल्यापासून ह्यांची भूकच मेलीय. आणि अकरा वाजले की फरसाणच्या पुड्यावर तुटून पडतात."

तक्रार बायकोची. नवरा 47 वर्षांचे, हार्डवेअरचं दुकान, टाइप 2 मधुमेह. मान खाली घालून एवढंच म्हणाले, "माझा जिभेवर ताबाच नाही का हो?"

आहारतज्ज्ञ म्हणून हा प्रश्न मी फार ऐकते. उत्तर देण्याआधी साखरेची वही मागते. महिनाभर ते पहाटे पर्वतीच्या पायऱ्या पळत चढत होते, आठ फेऱ्या. आदल्या दिवसाचे आकडे: उपाशीपोटी 138, पायऱ्यांनंतर 171, अकरा वीसला 61, दुपारी दोनला 248.

171 बघून ते घाबरले होते. जोरकस व्यायामात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि यकृत साखर रक्तात सोडतं, म्हणून आकडा थोडा वेळ चढतो. त्याची मला काळजी नव्हती. माझं बोट 61 वर थांबलं.

"गोळी कधी घेता?"

"ग्लिमेपिराइड. सकाळी, नाश्त्याआधी."

"आणि नाश्ता?"

"भूकच नसते ना."

दम लागेपर्यंत व्यायाम केला की घ्रेलिन, म्हणजे जठरातून निघणारं भुकेचं संप्रेरक, काही काळ उतरतं. पोट भरल्याचा निरोप देणारी आतड्यातली जीएलपी-1 आणि पीवायवाय वाढतात. तास-दोन तासांचा हा खेळ. मधुमेहात तो प्रत्येकाच्या बाबतीत सारखा नसतो, पण ह्यांची भूक बहुधा अशीच पळत होती. भूक पळाली हे गोळीला कुठे कळतं? ती स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतच राहते. त्यात थकलेले स्नायू व्यायामानंतरही कित्येक तास साखर ओढतात. मग अकराला हात थरथरतात, घाम फुटतो, समोर दिसेल ते तोंडात जातं. ती हावरट भूक नव्हे, साखर उतरल्याची हाक आहे. जिभेचा ताबा वगैरे मी तिथेच खोडून टाकलं.

गोळीचा डोस बदलणं माझं काम नाही. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं, डॉक्टरांनी तो कमी केला. माझ्याकडून एवढंच: भूक असो-नसो, गोळीनंतर लगेच मोजका नाश्ता. दोन मुगाची धिरडी, नाहीच गेली तर एक धिरडं आणि कपभर दूध. मीटर दुकानात ठेवायचं. 70 च्या खाली आकडा आला तर फरसाण नाही, 3 चहाचे चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. (फरसाणातल्या तेलामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो, तोवर अर्धा पुडा संपलेला असतो. 248 तिथूनच आलं होतं.)

तीन आठवड्यांनी वही घेऊन आले. अकराचे आकडे 95 ते 120. फेऱ्या आठच. दुकानात साखर कुठे ठेवलीय विचारलं, तर बायकोच हसत म्हणाली, "स्क्रूच्या खणात. वर चिठ्ठी लावलीय, विक्रीसाठी नाही."