ना सिस्टर, ना कुवेत

आदरणीय बाई,
मी २९ वर्षांची. वेंगुर्ला तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत गणित-विज्ञान शिकवते. यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या चर्चमध्ये एका मिशन संस्थेचे फादर आले होते. टांझानियातल्या एका माध्यमिक शाळेसाठी त्यांना दोन वर्षांकरता गणिताची शिक्षिका हवी आहे. धर्मभगिनी, म्हणजे सिस्टर, होण्याची व्रतं घ्यायची नाहीत. पगार नाही, राहणं-जेवण आणि थोडा हातखर्च मिळेल. तेव्हापासून मला सारखं वाटतंय की ही देवाची हाक आहे. वडील नाहीत. दादा बोटीवर असतो, वर्षातून दोन महिने घरी. आई साठीची, गुडघे दुखतात. ती म्हणते, ‘देवाचा काम करूचा तर सिस्टर हो, पैशे मिळवूचे तर कुवेताक जा. ह्या मधलाच काय?’ स्टाफरूममध्ये विचारतात, ‘बाटवायला जातेस काय गो?’ जानेवारीत माझं ठरलेलं लग्न मोडलं, चर्चमध्ये दोन रविवार नावंही वाचून झाली होती. पण त्याचा याच्याशी संबंध नाही. आईला कसं समजावू?
– एक टीचर

प्रिय बाय,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा टांझानियासाठी, कारण मीही तिथं दोन वर्षं काढली आहेत. दुसऱ्यांदा आईच्या वाक्यासाठी. आणि तिसऱ्यांदा त्या ओळीसाठी, जी तू ‘संबंध नाही’ म्हणत शेवटाला सारून दिलीस.

आईपासून सुरुवात करते. तिला जो ‘मधला’ प्रकार वाटतो, त्याला चर्चमध्ये नाव आहे आणि तो नवाही नाही. ना पाद्री, ना सिस्टर, असा जो तुमच्या-आमच्यासारखा माणूस, तो प्रापंचिक. मिशनचं काम त्याचंही आहे, ते फक्त झगेवाल्यांचं नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ सालीच लिहून ठेवलं. त्याच्या कितीतरी आधी आपल्या कोकणाच्याच वरच्या टोकाचा, वसईचा गोन्सालो गार्सिया जपानात गेला तो काही पाद्री होऊन नव्हे. आधी जेझुइट फादरांच्या हाताखाली धर्मशिक्षक, मग चक्क व्यापारी, मग मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर, म्हणजे व्रतस्थ, पण पाद्री नव्हे. १५९७ साली नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं, १८६२ साली तो संत झाला. पण जिवंतपणी फादर लोकांचं त्याच्यावाचून अडायचं ते त्याच्या जपानीमुळे. दुभाष्या होता तो. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागेल.

मात्र यातलं एक अक्षर आईला ऐकवून उपयोग नाही. तिचा प्रश्न धर्मशास्त्राचा नाहीच. सिस्टर झालीस तर मुलगी कायमची गेली, पण गावात मान राहतो. कुवेतला गेलीस तर पैसे येतात, गुडघ्याचं ऑपरेशन होतं. तू सांगतेस त्यात मुलगीही जाते आणि पैसेही येत नाहीत. तिचा हिशेब चुकलेला नाही गो! आणि तू त्या हिशेबाला उत्तर म्हणून काय देतेस? ‘देवाची हाक.’ आता ती बिचारी काय बोलणार? रोज संध्याकाळी खुरसाकडे मेणबत्ती लावणारी बाई देवाशी वाद कसा घालेल? तिची बोलती बंद झाली म्हणजे तिला पटलं असं होत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की घरात ‘हाक’ हा शब्द काढायचाच नाही. फादरांपाशी काढ, प्रार्थनेत काढ. आईला म्हण, ‘मला जायचं आहे.’ तुझी इच्छा तुझ्या नावावर घे. मग तिला तुझ्याशी भांडता येईल आणि तुम्हां दोघींना काहीतरी ठरवता येईल. रात्री-बेरात्री दवाखान्यात कोण नेणार, गॅस कोण लावून देणार, बँकेत कोण जाणार, असं रोकडं बोला. आणि दादाला यातून सोडू नकोस. तो दहा महिने समुद्रावर असतो म्हणून त्याला कोणी विचारत नाही, आणि तू दोन वर्षं जायचं म्हटलंस की आकाश कोसळतं, हे मला पटत नाही. तुझा पगार बंद झाल्यावर घरात महिन्याला किती कमी पडतील तो आकडा काढ आणि त्याला फोनवर सांग. देणार असेल तर कधीपासून, तेही विचार. मायेनं विचार, पण विचार.

आता त्या ओळीविषयी.

नावं जानेवारीत वाचली, फादर उपवासकाळात आले. मध्ये जेमतेम महिना-दीड महिना. लग्नाआधीच्या तीनपैकी दोन रविवार आख्ख्या गावासमोर नावं वाचली जातात आणि तिसऱ्या रविवारी वाचली जात नाहीत. त्या तिसऱ्या रविवारी तू कुठल्या बाकावर बसली होतीस? मिस्सेला, रविवारच्या प्रार्थनेला, गेली तरी होतीस का? गेली नसशील तर मी तुला दोष देणार नाही. तिथून लांब कुठंतरी जावंसं वाटणं अगदी साहजिक आहे, आणि टांझानिया पुष्कळ लांब आहे.

म्हणून तुझी इच्छा खोटी, असं मी म्हणत नाही. माणसं एकाच बोटीत दोन-दोन कारणं घालून निघतात. मीही निघाले होते, माझं दुसरं कारण इथं सांगत नाही. पण त्या दोन कारणांतलं एक तिथं पोचल्यावर महिन्याभरात संपतं, आणि मग उरलेले तेवीस महिने दुसऱ्यावर काढावे लागतात. तर एवढं कर, पुढचा जानेवारी येऊ दे. संस्थेला ‘हो’ कळव, पण निघायची तारीख वर्षभरानं मागून घे. शाळेला खरी गरज असेल तर ती वर्षानंही असेल. तिकडचं शालेय वर्षही जानेवारीतच सुरू होतं, तेव्हा कोणाचं काही बिघडत नाही. ते वर्षभरही थांबायला तयार नसतील, तर त्यांना शिक्षिका हवी आहे की नुसती भरती, याचाच मला संशय येईल.

आणि या वर्षात स्वाहिली शीक.

मी १९९६ ते ९८ या काळात मसासीच्या बाजूला एका मिशनच्या माध्यमिक शाळेत होते. टांझानियाच्या अगदी दक्षिणेला. रुफिजी नदीवर तेव्हा पूल नव्हता, तो २००३ साली झाला. पावसात दार-ए-सलामचा रस्ता बंद पडला की आम्ही आहोत तिथंच. आजूबाजूला बघावं तर काजूच काजू! आपल्याकडे आणि त्यांच्याकडे, दोन्हीकडे तो पोर्तुगीजांनीच आणलेला. फरक एवढाच की त्यांचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो, त्यामुळे नाताळच्या सुमारास भाजलेल्या बियांचा वास यायचा आणि मला एप्रिल-मे आल्यासारखं वाटायचं.

पहिल्या दिवशी फॉर्म वनच्या, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या, वर्गात साठ मुलं. मी इंग्रजीतून अपूर्णांक शिकवले आणि विचारलं, कळलं? साठ तोंडांतून एकच उत्तर, ‘न्दियो, म्वालिमू!’ हो, गुरुजी. महिनाभर असंच चाललं. मी खूश. मग चाचणी घेतली तर साठांतली चौघं पास. कारण साधं होतं. तिथं प्राथमिकची सात वर्षं स्वाहिलीतून आणि माध्यमिकला पाऊल टाकलं की एकदम सगळं इंग्रजीतून. मुलांना अपूर्णांक अडत नव्हते, माझं बोलणं अडत होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली आपली पोरं अकरावी सायन्सला कशी बसतात ते तू बघतेसच.

मला सोडवलं ते शाळेच्या स्वयंपाकीणबाईनं. रविवारी नारळाचा भात असायचा, वाली वा नाझी. त्यासाठी ती मागल्या दारी एका बुटक्या लाकडी बैठकीवर बसून नारळ खवायची. बैठकीला पुढे लोखंडी दातेरी जीभ. आपल्या आडाळ्याचीच बहीण! तिला ते लोक म्हणतात म्बुझी, म्हणजे बकरी. मी हसले आणि खुणेनंच म्हटलं, मला बसू दे. हाताला सवय होती. वाटी फिरवत फिरवत, पांढरं संपून करवंटीचा तांबूस भुगा पडायच्या आत थांबायचं. तिनं कीस चिमटीत घेऊन बघितला आणि दुसरा नारळ पुढे केला. पसंत पडले मी. त्यानंतर दर रविवारी ती मला करवंट्या मांडून स्वाहिली शिकवायची. जुम्लिशा म्हणजे मिळव, तोआ म्हणजे काढ, झिदिशा म्हणजे गुण, गवान्या म्हणजे वाट. झिदिशा आणि आपलं ‘जादा’ एकाच अरबी घरचे, गाडीला तर ते ‘गारी’च म्हणतात. कानाला फार परकं वाटत नाही. पुढच्या सहामाहीत मी गणित इंग्रजीत लिहायचे आणि स्वाहिलीत समजावायचे. सगळी पास झाली नाहीत. पण ‘न्दियो’ कमी झालं आणि ‘हापाना, म्वालिमू’, नाही कळलं, असं म्हणायला पोरं शिकली. दोन वर्षांत माझ्या हातून झालेलं सगळ्यांत मोठं काम कोणतं विचारशील तर तेच.

‘म्वालिमू’ला तिकडे वजन आहे बरं. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे १९८५ साली पदावरून उतरले तरी लोक त्यांना शेवटपर्यंत म्वालिमूच म्हणत. मूळचे ते कॅथलिक शाळेतले मास्तरच.

स्टाफरूमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. त्या किनाऱ्याकडच्या भागात मुसलमान वस्ती मोठी. रमजानात माझ्या वर्गातली कितीतरी पोरं रोजे धरून बसलेली असायची, आणि मी शेवटचा तास गणिताचा घ्यायचा की नाही यावर हेडमास्तरांशी भांडत असायचे. विचारणाऱ्यांना एवढंच सांग. नाही पटलं तर सोडून दे, चहा गार होतो.

आता कागदपत्रं. इथं मी पोळलेली आहे, म्हणून जरा कडक बोलते.

राजीनामा देऊ नकोस. सरकारी पगारासाठीचा शालार्थ आयडी मिळेपर्यंत किती चपला झिजल्या ते आठव. संस्थाचालकांकडे बिनपगारी रजेचा अर्ज लेखी टाक आणि उत्तरही लेखीच घे. नाही म्हणाले तर मग राजीनाम्याचा विचार, पण तो निर्णय डोळे उघडे ठेवून झालेला असेल. पर्यटक व्हिसावर ‘आधी या, मग बघू’ असं कोणी म्हणालं तर जाऊ नकोस, मग तो माणूस कितीही पवित्र असो. शिकवायचं तर तिथला रहिवासाचा आणि कामाचा परवाना लागतो. तो कोण काढणार, फी कोण भरणार, हे करारात हवं. आठवड्याला तास किती तेही हवं, नाहीतर गणिताच्या बाईला वसतिगृहाची रेक्टर, ऑफिसची क्लार्क आणि गायनमंडळाची पेटीवाली, सगळं करायला लावतात. मलेरिया होणारच असं धरून चाल. मला दोनदा झाला. दवाखान्याचा खर्च कोणाचा, तेही लिहून घे. लशींचं डॉक्टरांना निघायच्या दोन-तीन महिने आधी विचार. पिवळ्या तापाची लागत असेल तर ती किमान १० दिवस आधी टोचावी लागते.

आणि परतीचं तिकीट. दोन वर्षांनंतरचं नव्हे, मधलं.

१९९७ च्या डिसेंबरात तिकडे पाऊस थांबेना. आपल्या आषाढासारखा, पण भलत्याच महिन्यात. त्या पावसात माझे पप्पा गेल्याची तार आली. माझा पासपोर्ट परवान्याच्या नूतनीकरणासाठी दार-ए-सलामला अडकलेला. ज्या संस्थेनं मला पाठवलं होतं तिच्या करारात अशा वेळच्या तिकिटाविषयी ओळच नव्हती, त्यामुळे कोण पैसे भरणार यावर पत्रापत्री सुरू झाली. फादर लोक वाईट नव्हते. त्यांच्या ते डोक्यातच आलं नव्हतं, आणि माझ्याही. मी घरी पोचले ती त्यांना जाऊन महिना झाल्याच्या मिस्सेला. मातीवरची फुलंसुद्धा कोणीतरी बदलून टाकली होती. माझी आई मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून ती ओळ करारात घालून घे. ‘घरातील मृत्यू वा गंभीर आजारपणी जाण्या-येण्याचं तिकीट संस्था देईल’, एवढीच ओळ. ती टाकायला जे तयार होतील त्यांच्याबरोबर जा. आणि तो कागद सही व्हायच्या आधी आईच्या हातात दे, तिला वाचून दाखव. तुझ्या हाकेपेक्षा तिला ती ओळ जास्त कळेल.

वर्षभरानंतरही जावंसं वाटत असेल तर मला पुन्हा लिही. माझ्याकडची जुनी स्वाहिली वही तुझ्यासाठी काढून ठेवते, तिच्या पानांना अजून खोबऱ्याचा वास येतो. बाकी सामानात जास्त काही भरू नकोस. नारळ तिथं मिळेल, मासे मिळतील, चिंचही मिळेल. सोलं मिळणार नाहीत. अर्धा किलो बांधून घे, आईच्या हातची.

तुझी,
बाई