व्हर्च्युअल मशीनचं घड्याळ मागे गेलं आणि डेटाबेस बिघडला?

आधी सर्व्हिस थांबवा आणि दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी अख्ख्या डेटा डिरेक्टरीची कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या. रिपेअर कमांड उलटी फिरवता येत नाही.

मग नेमकं काय बिघडलंय ते ठरवा. घड्याळ उडी मारतं म्हणून पोस्टग्रेस या डेटाबेसची पानं (डिस्कवरचे डेटाचे तुकडे) सहसा फाटत नाहीत. चेकसमच्या (डेटा शाबूत आहे का हे तपासणाऱ्या आकड्याच्या) चुका येत असतील तर संशय डिस्कवर किंवा चालू मशीनच्या स्नॅपशॉटवर (त्या क्षणाच्या जतन केलेल्या प्रतीवर) घ्या. कॅसांड्रा या डेटाबेसची गोष्ट वेगळी, कारण तिथे ज्या नोंदीचा टाइमस्टॅम्प (लिहिल्याची वेळ) मोठा तीच जिंकते. घड्याळ तासभर पुढे असताना एखादी ओळ लिहिली गेली, तर वेळ सुधारल्यावरही पुढचा तासभर तुमचं अपडेट किंवा डिलीट त्या ओळीवर चालत नाही, आणि एररही येत नाही! लोक याला करप्शन म्हणतात, फाइल मात्र धडधाकट असते.

वेळेचं मूळ दुखणं बहुधा एकच: होस्टची (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या खऱ्या मशीनची) टूल्स आणि गेस्टमधलं (व्हर्च्युअल मशीनमधलं) क्रोनी, म्हणजे वेळ जुळवणारा प्रोग्रॅम, दोघंही घड्याळ ओढत असतात. एकच ठेवा, माझं मत क्रोनीला. होस्टची नियमित सिंक बंद केली तरी सस्पेंडमधून उठताना किंवा स्नॅपशॉट परत लावताना काही टूल्स वेळ बदलतातच, ती सेटिंग वेगळी असते. क्रोनीच्या सेटिंगमध्ये 'मेकस्टेप १ ३' ठेवलं की एका सेकंदाहून मोठा फरक फक्त पहिल्या ३ अपडेटमध्येच उडी मारून भरला जातो, नंतर हळूहळू. होस्टचं घड्याळही तपासा, ते राहूनच जातं.