सिव्हिल डिप्लोमानंतर खानदेशात पाणीमोजणीचं फील्डचं काम करावं का?

जरूर करावं, पण उन्हाची आणि चालण्याची तयारी हवी. जलसंपदा विभागात स्थापत्य अभियांत्रिकी सहाय्यक, मोजणीदार, कालवा निरीक्षक अशी पदं असतात. भरती मात्र नियमित नसते, त्यामुळे खासगी सर्वेक्षणाचं कामही धरून ठेवा.

खरं शिक्षण मोजणीत आहे. नदीचं पात्र भागांत वाटायचं, प्रत्येक भागाची रुंदी-खोली घ्यायची, पाणी उथळ असेल तर पृष्ठभागापासून खोलीच्या 0.6 पटीवर करंट मीटर (पाण्याचा वेग मोजणारं यंत्र) धरायचा. क्षेत्रफळ गुणिले वेग, की विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी, निघाला. पावसाळ्यात तापीला पूर आला, की पाणीपातळी दाखवणाऱ्या पट्टीवरचं वाचन दर तासाला, रात्रीसुद्धा. तापीवरच्या हतनूर धरणाचे 41 दरवाजे किती उघडायचे, हे अशाच आकड्यांवर ठरतं. म्हणून न वाचता अंदाजाने आकडा भरणं मला अक्षम्य वाटतं.

भूजलाचं काम वेगळं. निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेतात. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात पाणी किती खोल गेलंय, ते टेप सोडल्यावरच कळतं. शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोललात, तर तो बोअरची खरी खोली सांगतो.

ऑटोलेव्हल (जमिनीची उंची-पातळी मोजणारं उपकरण) आणि जीआयएस (संगणकावर नकाशे आणि त्यावरची माहिती हाताळायची पद्धत) आधी शिका.