दिवाळीपर्यंत ग्राफ सरळ आला नाही तर?

पत्र थोडक्यात असं : मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या प्रोसेस हाऊसमध्ये सुपरवायझर आहे. मुलगी एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पहिल्या वर्षी ६४ टक्के. प्रोजेक्ट नॅनोफायबरच्या हायड्रोजन पेरॉक्साइड सेन्सरचा. तीन महिने झाले, सेन्सरचा करंट रोज कमी होत जातो, त्यामुळे पेरॉक्साइडचं प्रमाण आणि करंट यांचा ग्राफ सरळ येत नाही. दिवाळीपर्यंत ग्राफ सरळ आला नाही तर स्थळं बघायला लागू, असं तिला सांगितलंय. तिला यात गती आहे का? की तीन लाख फी भरून नॅनोटेक्नॉलॉजीच्या वेगळ्या कोर्सला घालू?
(खाली मुलीच्या दोन ओळी : पीव्हीएमध्ये कॉपर ऑक्साइडचे कण मिसळून इलेक्ट्रोस्पिनिंग (उच्च व्होल्टेजने बारीक धागा ओढणं) केलं. धाग्यांची मॅट ग्लासी कार्बनच्या इलेक्ट्रोडवर नाफिऑनने (एक पॉलिमर) बसवली, बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) फॉस्फेटचा, पीएच ७.)

नमस्कार.

६४ टक्क्यांची मला काळजी नाही. काळजी आहे ती दिवाळीच्या मुदतीची. प्रयोगावर मुलीचं लग्न टांगलंत तर ती एक गोष्ट पटकन शिकेल : नको असलेले बिंदू गाळून ग्राफ सरळ करायचा. तुम्हाला आनंद होईल, पण तोंडी परीक्षेत ‘हे रीडिंग पुन्हा घेऊन दाखव’ म्हटलं की ती एकटी पडेल. मुदत आजच मागे घ्या आणि तसं तिला तोंडाने सांगा. नुसतं गप्प बसलात तर ती मुदत तिच्या डोक्यात तशीच राहील. लग्नाचं काय ते तिच्याशी बोलून ठरवा. त्याचा सेन्सरच्या करंटशी काडीचाही संबंध नाही.

आता गतीचं. बिघाड तिच्या दोन ओळींतच दिसतो. पीव्हीए पाण्यात विरघळणारं पॉलिमर आहे, आणि बफर म्हणजे शेवटी पाणीच. धागा काहीशे नॅनोमीटर जाडीचा, त्यामुळे तो बफरमध्ये फुगतो, सुटतो, कॉपर ऑक्साइडचे कण निघून जातात आणि करंट उतरतो. मुली, मॅटचा नखाएवढा तुकडा रात्रभर बफरमध्ये ठेव आणि सकाळी काय उरलंय ते बघ. चिकट गोळा झाला असेल किंवा तुकडा दिसेनासाच झाला असेल तर कारण सापडलं. मग दोन वाटा आहेत. एक, फ्यूम हूडमध्ये मॅटला ग्लुटराल्डिहाइडची वाफ काही तास देऊन धागे क्रॉसलिंक करायचे, म्हणजे पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना बांधायच्या, आणि नीट धुवायचे. दुसरी, पीव्हीएमध्ये कणांऐवजी कॉपर अ‍ॅसिटेट घालून धागा काढायचा आणि मफल फर्नेसमध्ये ५०० अंशांला जाळायचा. पॉलिमर जातं, ऑक्साइडचाच धागा उरतो. पीव्हीए वीज वाहू देत नाही, म्हणून मला दुसरी वाट जास्त पटते. फक्त तापमान हळूहळू चढव, नाहीतर धाग्यांची भुकटी होते.

बाटलीही तपास. ३० टक्के पेरॉक्साइड साधारण ९.८ मोलर असतं, पण ते ताज्या बाटलीत. उघडून महिने झालेल्या बाटलीवर तो आकडा धरू नकोस. आम्लात पोटॅशियम परमँगनेटने टायट्रेशन कर. ताज्या बाटलीतले १०२ मायक्रोलिटर १०० मिलिलिटरमध्ये घातले की १० मिलिमोलर होतं. ते रोज नवं करायचं आणि धातूचा चमचा किंवा सुई त्यात बुडवायची नाही. ऋण व्होल्टेजला मोजत असशील तर आधी १५-२० मिनिटं नायट्रोजन सोड, नाहीतर हवेतला ऑक्सिजनही करंट देतो. पावसाळी दमट हवेत धाग्याला मणी आले असतील तर ती मॅट टाकून दे.

यात बुद्धीचा प्रश्न कुठे आला? तीन महिने रोज रीडिंग घेऊन, ते उतरतंय हे न लपवता लिहिणारी मुलगी आहे. प्रयोगशाळेत याहून मोठा गुण मला माहीत नाही.

तीन लाखांच्या कोर्सबद्दल स्पष्ट सांगतो : नको. ‘नॅनो’ नावाची पदवी म्हणजे पुढची पायरी, हा गैरसमज फार पसरलाय. सीएसआयआर-नेट या संशोधन आणि प्राध्यापकीसाठीच्या परीक्षेत नॅनो नावाचा विषयच नाही. तिथे केमिकल सायन्सेस आहे, आणि ती तेच शिकतेय. नॅनोफायबर ही एक तऱ्हेची सामग्री. कामाची विद्या आहे इलेक्ट्रोकेमिस्ट्री, आणि ती बॅटरी, गंजरोधन, प्लेटिंग, पाणीतपासणी, सगळीकडे चालते. त्यासाठी तमिळनाडूत कारैकुडीला १९४८ पासून सीएसआयआरची वेगळी संस्था आहे. ग्लुकोमीटरची विद्याही इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचीच : १९७५ साली बाजारात आलेलं ग्लुकोज मोजायचं यंत्र प्रत्यक्षात एन्झाइमने तयार केलेलं पेरॉक्साइडच मोजत होतं. नेटला खुल्या गटातून एम.एस्सी.चे ५५ टक्के लागतात. नेट, सेट, गेट तिन्हींचे अर्ज भरू द्या. सेन्सरची नोकरी सोलापुरात मिळणं अवघड आहे, पुण्याची तयारी ठेवा.

एक गोष्ट मात्र पत्रात कुठेच नाही. तुम्ही रोज पेरॉक्साइड हाताळता! ब्लीचिंगनंतर ते टॉवेलमध्ये राहिलं की रिअ‍ॅक्टिव्ह डायची शेड फिकी आणि डागाळ येते, म्हणून तुम्ही कॅटालेज (पेरॉक्साइड तोडणारं एन्झाइम) घालता आणि स्ट्रिप बुडवून रंग बघता. तिचा सेन्सर नेमकं हेच आकड्यात सांगू पाहतोय. बाजारातून पेरॉक्साइड आणून बफरमध्ये मोजलेले असंख्य पेपर पडून आहेत. ब्लीचच्या पाण्यात मोजणं कठीण, कारण त्यात अल्कली, सिलिकेट आणि सर्फॅक्टंट (साबणासारखी द्रव्यं) असतात, आणि सर्फॅक्टंट इलेक्ट्रोडवर चिकटतात. नमुना बफरने पातळ करून स्टँडर्ड अ‍ॅडिशनने, म्हणजे माहीत असलेलं पेरॉक्साइड थोडं थोडं घालून करंट किती वाढतो ते बघून, मोजावा लागेल.

मालकांची परवानगी घ्या आणि तिला एकदा मशीनपाशी न्या. कॅटालेजच्या आधीचं पाणी प्लास्टिकच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीत घ्या, झाकण सैल ठेवा. तुमच्या कार्बॉयला भोकाचं झाकण का असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. कॅटालेजनंतरचं पाणी मात्र तिथेच, लगेच मोजा. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत एन्झाइम उरलेलं पेरॉक्साइड खाऊन टाकतं, आणि मग शून्य आलं म्हणून पुन्हा तिलाच बोलणी बसतील.